स्वयंसूचनेत खरी भावना आणि खात्री कशी आणावी? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीच्या मनात ‘मला गणित जमणारच नाही’ ही समजूत शाळेपासून घट्ट बसली आहे आणि बँकेच्या परीक्षेची तयारी करताना ती फार आड येते. त्यासाठी तिने स्वयंसूचना, म्हणजे मनाला पटावे म्हणून स्वतःशीच एखादे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे, करून पाहावे असे मला वाटते. स्वयंसूचनेचा प्रसार करणारे फ्रान्समधील नान्सी येथील एमिल कुए सांगत की इच्छाशक्ती आणि कल्पनाशक्ती यांचा झगडा झाला तर कल्पनाशक्तीच जिंकते, म्हणून स्वयंसूचना जोर न लावता पुटपुटावी. मात्र २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ जोअन वुड यांच्या प्रयोगात, स्वतःविषयी कमी आदर असलेल्यांना ‘मी प्रेमास पात्र आहे’ हे वाक्य घोकून अधिकच वाईट वाटले. मला हे पटते, कारण विश्वास न बसणारे वाक्य मन लगेच खोडून काढते. मग सुटलेल्या एखाद्या उदाहरणाचा आनंद आठवत ‘मी शिकते आहे’ एवढेच म्हणणे योग्य ठरेल का? अनुभवी सदस्यांनी कृपया आपली पद्धत सविस्तर सांगावी.