सासरी 'नांदणे' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (निपाणी): आपल्याकडे 'लेक बरी नांदाय लागली' म्हणतात. म्हणजे फक्त सासरी राहते एवढंच का? रुळणे, रमणे यांपेक्षा हे वेगळं कसं? कन्नड शेजारणीला कोणत्या शब्दात सांगावं?

उत्तर (खानापूर): नुसतं राहणं नव्हे. मूळ धातू संस्कृत 'नन्द्', म्हणजे आनंदणे. चूल, पाण्याची वेळ, माणसांचे स्वभाव अंगवळणी पडले की सून रुळली. मन लागलं की रमली. रुळूनही न रमलेल्या सुना असतात. नांदण्यात या दोन्हींवर तिसरं काही लागतं, ते म्हणजे घरातला तिचा मान. म्हणून एकटी बाई भाड्याच्या खोलीत 'राहते', 'नांदते' म्हणत नाहीत. लक्ष्मी, शांतता, गोकुळ मात्र नांदतं.

कन्नडमध्ये 'बाळ्वे माडु' जवळचं. पण 'बाळु' म्हणजे जगणे, त्यात आनंद मुळातून येत नाही.

उत्तर (बेळगाव): प्रयोजक रूप विसरू नका. 'नांदणे' अकर्मक, कर्ता सून. 'नांदवणे' सकर्मक, कर्ता सासरचे. 'ती नांदत नाही' म्हटलं की सगळा दोष मुलीवर जातो. तिला हाकलून दिलेलं असेल तर 'त्यांनी तिला नांदवलं नाही' हेच खरं वाक्य. पंचांच्या बैठकीत, अर्जात ही दोन वाक्यं सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि मुलीचं नुकसान होतं. लिहिताना आधी कर्ता कोण ते ठरवा.

प्रश्न (निपाणी): मग सासूला 'आत्या' म्हणणं हे आपलंसं करण्यासाठीच का?

उत्तर (चिकोडी): त्यामागे नात्यांची रचना आहे. आत्याच्या मुलाशी लग्न झालं की आत्याच सासू होते. कन्नडमध्ये तर 'अत्ते' या एकाच शब्दात आत्या, मामी आणि सासू येतात. 'माव' म्हणजे मामा, आत्याचा नवरा आणि सासराही. मराठीत सासऱ्याला 'मामंजी' म्हणतात ते याच वळणाचं. आता नात्यात लग्न नसलं तरी हाक टिकली आहे, आणि ती फार मोलाची आहे. परक्या घरात पाऊल टाकणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी रक्ताच्या नात्याचा शब्द मिळतो. थोरल्या जावेला 'अक्का' म्हणण्यातही तेच. मात्र हाक दोन्हीकडून हवी. सून 'आत्या' म्हणते आणि सासू तिला 'ए' म्हणते, तिथे शब्द एकट्याने काही करू शकत नाही. नाव घेऊन किंवा 'बाळ' म्हणून हाक मारावी.

प्रश्न (निपाणी): जावई 'नांदतो' का?

उत्तर (खानापूर): एकटा नाही, 'दोघं नांदतात' चालतं. त्याची 'सासुरवाडी', तिचं 'सासर'. सासुरवाडीला तो पाहुणा म्हणून जातो. तिथेच राहिला तर 'घरजावई राहिला' म्हणतात, 'नांदायला गेला' नाही.