कहा-सुना माफ, पण कुणाचं?

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६
कोल्हापूर, सोसायटीचा ग्रुप, सकाळी पावणेदहा

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र सूचना. चांद दिसेल तसे १९ तारखेच्या आसपास रोजे सुरू होतील. महिनाभर पाण्याचा पंप पहाटे साडेचारला लावावा की नेहमीप्रमाणे सहाला, यावर मत कळवावे. फक्त मत. चर्चा नको 🙏

पाटील काका सी-१०१: लावा की साडेचारला. आमी पाचला उठतोयच. पण मुल्ला सर, एक इचारायचं राहिलंय. मंगळवारी रात्री तुमचा मेसेज आला, कहा-सुना माफ करना, दुआ में याद रखना. तवापासनं डोकं खाजवतोय, आपलं भांडण झालं कवा?

मुल्ला सर बी-१०२: झालंच नाही काका. ती शबे बरात होती, शाबान महिन्याची पंधरावी रात्र. त्या रात्री एकमेकांची माफी मागायची आमच्याकडे रीत आहे. दोनशे सोळा जणांना एकदम गेला तो मेसेज.

पाटील काका सी-१०१: म्हंजे माझी माफी मागितलीच न्हाई. यादीची मागितली.

मुल्ला सर बी-१०२: काका, रविवारी सकाळी सकाळी वर्मावर बोट ठेवलंत.

चौगुले काकू सी-२०४: सर, मनाला लावून घेऊ नका, आम्हा जैनांतही तेच. दशलक्षण पर्व झालं की क्षमावणी. लहानपणी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, समोरासमोर उभं राहून हात जोडायला लागायचे. नजर चुकवली तर आजी कोपर मारायची. आता फुलांचं चित्र आणि खाली "उत्तम क्षमा". ज्या जावेशी तीन वर्षं बोलणं नाही तिचंही चित्र आलं. मीही एक पाठवलं. बोलणं अजून नाहीच.

सेक्रेटरी: कृपया पंप.

चौगुले काकू सी-२०४: पंप साडेचार. पण सर, खरंच विचारते. रमजानची तयारी म्हणजे खजूर आणि समोशाच्या पट्ट्या, एवढंच आम्हाला बाहेरून दिसतं. मनाची तयारी काय करता?

मुल्ला सर बी-१०२: थांबा, चष्मा घेतो. मोठं होईल.

मुल्ला सर बी-१०२: शाबान हा आठवा महिना, रमजान नववा. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्यावागण्याची आठवण, आहे की रमजान सोडला तर पैगंबर सर्वांत जास्त रोजे शाबानमध्ये ठेवत. म्हणजे आधी अंग आणि मन वळवायचं ही गोष्ट मूळचीच आहे. पण रमजानच्या तोंडावर, आदल्या एक-दोन दिवशी, नेहमीची सवय नसेल तर रोजा धरू नका, असंही त्यांनीच सांगितलंय. उंबऱ्यात येऊन धापा टाकू नयेत, असा मी त्याचा अर्थ लावतो. अर्थ माझा, मौलानांना विचारून घ्या.

तरुणपणी मला तयारी म्हणजे आकडेमोड वाटायची. कुराणाचे पारे, म्हणजे भाग, ३०, दिवस ३०. पारा साधारण २० पानांचा. पाच नमाजांनंतर चार-चार पानं वाचली की दिवसाला एक पारा उरकतो. मी गणिताचा मास्तर, उदाहरण बरोबर सुटायचं. एका रमजानात दोन-दोन खतम, म्हणजे अख्खी वाचनं, केलेत मी. आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं असतं, काय वाचलंस रे, तर एका आयतीचा, एका वचनाचा अर्थ धड सांगता आला नसता.

म्हणून यंदा शाबानपासूनच एकच आयत घेऊन बसलोय. सूरह बकरा, १८३. आधीच्या लोकांवर रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, होते तसे तुमच्यावरही केले, कशासाठी, तर तुमच्यात तकवा यावा म्हणून. भूक लागावी म्हणून नव्हे. तकवा म्हणजे काय, याचं उत्तर जुन्या तफसीरीत, कुराणावरच्या भाष्यात, सापडतं: काटेरी वाटेनं माणूस कपडे सावरत चालतो, तसं चालणं. माझे वडील शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेल्या मुस्लिम बोर्डिंगात राहून शिकले. ते आपल्या भाषेत सांगायचे, बाभळीच्या बनातनं धोतर सावरून जायचं, बाकी काय नाही.

पाटील काका सी-१०१: हे झ्याक सांगितलं. आमचं बघा, पुढच्या रविवारी महाशिवरात्र. हिनं आजच वरई, रताळी, शेंगदाणं, साबुदाणा आणून ठेवलाय. एकादशी अन् दुप्पट खाशी. महादेवाची तयारी कमी, पोटाची जास्त.

मुल्ला सर बी-१०२: आमच्यातही रमजानात वजन वाढणारे आहेत काका. आरशात बघून सांगतोय.

बी-३०४ (इंजिनिअर): सर, माझी तयारी सांगू का? हसू नका. दिवसाला सात चहा होते, दोनवर आणलेत. मागच्या वर्षी पहिले तीन रोजे नुसती डोकेदुखी, नमाजीतही चहाच आठवायचा. आणि मोबाईलमधून रील्सचं ॲप उडवलंय.

चौगुले काकू सी-२०४: कायमचं?

बी-३०४ (इंजिनिअर): ईदपर्यंत काकू. एवढी पण परीक्षा घेऊ नका.

डॉक्टर ए-४०३: चहा हळूहळू कमी करणं योग्य. शुगरवाल्या सगळ्यांसाठी इथंच सांगते, दारात गाठू नका. रोज्याआधी गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा ठरवायला या. दोन महिने आधीच यायला हवं होतं, तरी या. बोट टोचून शुगर तपासल्यानं रोजा मोडत नाही. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, तिथं हट्ट नाही. आजाऱ्याला सवलत कुराणातच दिलेली आहे, मी वेगळं काही सांगत नाही.

चाची बी-३०२: हे माझ्यासाठी आहे, कळलं मला.

डॉक्टर ए-४०३: हो चाची, तुमच्यासाठीच.

चाची बी-३०२: आता माझं पण ऐका. सगळे आयत आणि चहा बोलायले. शाबान लागला की आमच्या घरात पहिलं काय होतं? फ्रीजर रिकामा करायचा. पट्ट्या लाटायच्या, मसाला कुटायचा, शेवया आणायच्या. पहाटे सगळ्यांच्या आधी मी उठणार, संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी खजूर माझ्या तोंडात जाणार. तरावीहला, रमजानातल्या रात्रीच्या नमाजीला, पुरुष मशिदीत, वीस रकात, हाफिजसाहेबांचं कुराण कानावर पडतं. मी तोवर भांड्यांपाशी. मनाची तयारी कधी करू, कणीक मळताना?

मुल्ला सर बी-१०२: भाभी, यावर माझ्याकडं उत्तर नाही.

चाची बी-३०२: माझ्याकडं आहे. सुनेला सांगितलंय, यंदा इफ्तारला दोनच जिन्नस. तळलेलं फक्त जुम्म्याला. उरलेला तास माझा. कुणी नाक मुरडलं तर कढई त्याच्या हातात.

चौगुले काकू सी-२०४: चाची, पुढच्या दशलक्षणात मी हेच करणार.

चाची बी-३०२: आणि कजाचं. मागच्या रमजानात शेवटचे सात रोजे तापात गेले. ते माझ्यावर उधारी. नवीन महिना यायच्या आत फेडायचे. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून आत्ता धरते. पाच झाले, आज सहावा. डॉक्टर, शुगर सकाळी १२० होती, ओरडू नका.

डॉक्टर ए-४०३: दुपारी परत बघा.

सेक्रेटरी: पंप साडेचार: नऊ मते. सहा: दोन मते. बाकीच्यांनी कळवावे.

पाटील काका सी-१०१: सर, त्ये जकातीचं पण असतंय न्हवं? आमचा हुपरीचा, चांदीच्या गावचा पाव्हना इचारत हुता, चांदीचा भाव रोज कशाला इचारत्यात ही मंडळी.

मुल्ला सर बी-१०२: जकात, म्हणजे शिलकीतून द्यायचं ठरलेलं दान, वर्षातून कधीही देता येते, बरेच जण रमजानात देतात. मी हिशेब मात्र शाबानातच उरकतो, म्हणजे रमजानात वही घेऊन बसायला नको. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक चांद्र वर्षभर राहिली तर चाळीस रुपयांमागं एक रुपया. कालच गुजरीत जाऊन भाव विचारून आलो. हे सोपं आहे हो काका, आकडा आहे, आकडा फिटतो.

चाची बी-३०२: पोट पण सोपं आहे. पोट ऐकतं. तोंड ऐकत नाही.

मुल्ला सर बी-१०२: त्यावरच हदीस आहे. जो खोटं बोलणं आणि तसं वागणं सोडत नाही, त्यानं खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही.

पाटील काका सी-१०१: मंग मागच्या वर्षीच्या मिक्सरचं काय म्हनायचं?

सेक्रेटरी: काका, जुने विषय नकोत. बैठकीत मिटलेले आहे.

पाटील काका सी-१०१: बैठकीत मिनिट-बुकात मिटलं. जिन्यात कुटं मिटलंय? ए-२०१ वाले अन् चाची लिफ्टमध्ये बरूबर जात न्हाईत, वरीस झालं.

(बराच वेळ कुणी काही टाकलं नाही.)

मुल्ला सर बी-१०२: काका बोललेच आहेत तर मीही सांगतो. अजून एक हदीस आहे. सोमवारी आणि गुरुवारी लोकांना माफी मिळते, पण ज्या दोघांच्या मनात एकमेकांविषयी अढी असेल त्यांच्याबद्दल म्हटलं जातं, या दोघांना राहू द्या, समेट होईपर्यंत. आमच्यात हुकूकुल इबाद म्हणतात, माणसाचं माणसाकडं असलेलं देणं. ते जायनमाजवर बसून फिटत नाही. ज्याचं आहे त्याच्याकडंच जावं लागतं. हे मी शाळेत पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं.

आणि आत्ता, तुमच्या मेसेजनंतर, मी ती दोनशे सोळा जणांची यादी उघडून बघितली. त्यात गॅसवाला आहे, बँकेतला शिपाई आहे, ज्यांचा चेहरा आठवत नाही असे बारा-पंधरा जण आहेत. माझा धाकटा भाऊ नाही. कागलच्या शेतावरून सहा वर्षं झाली, मी त्याचा नंबर ब्लॉक केलाय. ज्याची मागायची त्याला सोडून गावभर मागितली मी माफी.

चौगुले काकू सी-२०४: सर...

पाटील काका सी-१०१: कागल काय लांब न्हाई. माजी गाडी रिकामीच हाय.

मुल्ला सर बी-१०२: बघतो काका. गुरुवारी वगैरे.

पाटील काका सी-१०१: गुरुवारी न्हाई. उद्या. साडेआठला खाली हॉर्न देतो.

बी-३०४ (इंजिनिअर): चाची, तेव्हा मी इथं राहायला नव्हतो. मिक्सर म्हणजे काय झालं होतं?

चाची बी-३०२: तू पंपाला मत दे.

बी-३०४ (इंजिनिअर): साडेचार.

दुपारी सव्वाचार

चाची बी-३०२: ए-२०१, घरी आहात का? दोनदा बेल वाजवली. कुलूप आहे.

ए-२०१: नरसोबाच्या वाडीला आलोय दत्ताच्या दर्शनाला. काय झालं, बाथरूममधून परत गळतंय का?

चाची बी-३०२: गळत नाही. काम आहे.

ए-२०१: सांगा की मग इथंच.

चाची बी-३०२: इथं नको. मागच्या वर्षी इथंच लिहिलं होतं मी. तुमच्या पोराची दहावी चालू होती आणि मी गणपतीचे स्पीकर काढले.

ए-२०१ टाईप करत होते. थांबले. परत करत होते.

ए-२०१: मीही काय कमी लिहिलं नव्हतं.

ए-२०१: साडेपाचपर्यंत पोचतो. ही म्हणतेय चाचींना कवठाची बर्फी आवडायची, घेतलीय.

डॉक्टर ए-४०३: एकच वडी. ग्रुप वाचतेय मी.

सेक्रेटरी: पंप साडेचार: बारा मते. विषय बंद.

चाची बी-३०२: साडेपाचला नको. मगरिबची, सूर्यास्ताची नमाज झाल्यावर या, पावणेसातला. आज रोजा आहे.