गेमच्या रूममध्ये नवखे टिकतात कशाने? खान्देशकरांनो, अनुभव सांगा

भरीतवाला, पाचोरा
आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गाव भरतं. पुण्या-सुरतेची पोरं घरी येतात, एका ओट्यावर पत्त्यांचा डाव बसतो आणि दुसऱ्यावर बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेमची आमची कस्टम रूम लागते, म्हणजे आयडी-पासवर्ड असलेल्यांचाच खाजगी सामना. पत्त्यांत नवा माणूस आधी कुणाच्या तरी मागे बसून बघतो, कोणी उठलं की त्याला डावात घेतात. आमच्या रूममध्ये नवा गडी पहिल्या सामन्याला येतो आणि दुसऱ्याला दिसत नाही. बक्षीस वाढवून पाहिलं, ढिम्म फरक नाही. तर सांगा, तुम्ही नवे होतात तेव्हा कशामुळे टिकलात, किंवा कशामुळे पळालात? गेम कुठलाही चालेल. उपदेश नको, घडलेलं लिहा.

केळीचा घड, यावल
भाऊ, निम्मं उत्तर बॉटमध्ये आहे. नव्या खात्याला साध्या सामन्यात समोर बरेचसे बॉट, म्हणजे गेमनेच चालवलेले खोटे खेळाडू, मिळतात. पोरगा चिकन डिनर मारतो, म्हणजे सामना जिंकतो, स्टेटस ठेवतो, आपण डॉन झालो असं त्याला वाटतं. तुमच्या कस्टममध्ये समोर सगळी जिवंत माणसं. पोचिंकी या गर्दीच्या गावात उतरला, बंदूक हाती लागायच्या आत नॉक, आणि मग उरलेला वेळ दुसऱ्याचा खेळ बघायचा. एरँगल या मोठ्या मॅपवरचा सामना अर्ध्या तासाचा. कोण बसेल? तो रील बघायला जातो, परत येत नाही.

आम्ही संध्याकाळची सुरुवात टीडीएमने, म्हणजे टीम डेथमॅचने करतो. ४ विरुद्ध ४, आधी ४० किल करेल ती टीम जिंकली, मेलं की लगेच परत जिवंत. दहा वेळा मेलेला पोरगाही शेवटपर्यंत खेळात असतो आणि एखादा किल त्याच्याही नावावर पडतोच. मग एरँगल. दर स्क्वाडमध्ये, म्हणजे चौघांच्या टीममध्ये, एक नवा, आणि त्या सामन्यात पोचिंकी, स्कूल, मिलिटरी बेस बंद. कडेच्या घरांत उतरायचं, सावकाश लूट करायची.

आणखी एक बारीक गोष्ट. रूमचा आयडी-पासवर्ड टाकून आत आलेला नवा माणूस मिळेल त्या स्लॉटवर, म्हणजे यादीतल्या जागेवर, बसतो. तो स्लॉट नेमका दुसऱ्या टीमचा निघतो. होस्ट घाईत असतो, मारतो किक. बिचाऱ्याला का काढलं तेही कळत नाही. आता आम्ही आयडी टाकतानाच टीम आणि स्लॉट नंबरची यादी ग्रुपवर टाकतो, आणि एक जण खेळायचं सोडून नुसते फोन घेत बसतो, ‘दादा, आयडी कुठे टाकू?’ वाल्यांचे. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून पाळी लावली आहे.

शेवभाजी, धुळे
माझं पळायचं कारण वेगळं. मी माइकवर बोलले की रूम गप्प व्हायची, मग कुणीतरी ‘अरे, लेडीज आहे’, आणि पुढचा सगळा सामना आवाज खरा की व्हॉइस चेंजर यावर. माइक बंद ठेवला तर टीमवाले म्हणणार, कॉल देत नाही, शत्रू कुठे ते सांगत नाही.

आत्ता ज्या ग्रुपमध्ये आहे तिथे पहिल्या सामन्याला सगळ्यांचेच माइक बंद. मॅपवर मार्कर टाकायचा, क्विक चॅटची बटणं दाबायची, बास. तोंडाळ गडीसुद्धा तेवढा वेळ निमूट राहतात, हा वरचा फायदा. दुसऱ्या सामन्यापासून ज्याला बोलायचं त्याने बोलावं. शिवी दिली की पुढच्या सामन्याचा आयडी मिळत नाही. असा नियम सगळ्याच ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये असतो म्हणा. इथल्या होस्टने स्वतःच्या मावसभावाला बाहेर बसवलं, तेव्हा मी राहायचं ठरवलं.

जंक्शन, भुसावळ
एप्रिल-मे मध्ये दुपारी इव्हेंट ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. आमच्या उन्हात चांगले फोन तापून अडकायला लागतात, साध्या फोनचं काय सांगता. आणि नव्याकडे बहुधा साधाच फोन असतो. रात्री नऊनंतर ठेवा. अपडेट आला असेल तर आदल्या दिवशी कळवा. रूम उघडल्यावर डाउनलोड लावणारे चार तरी असतातच.

मास्तरीण, शहादा
आमच्याकडे गेम म्हणजे लीचेस या वेबसाइटवरचं बुद्धिबळ. फुकट, जाहिराती नाहीत, म्हणून शाळेला परवडतं. आधी कुणीतरी नॉकआउट ठेवायचं. धडगावकडची मुलं पहिल्याच फेरीत हरून मोकळी, उरलेला वेळ वऱ्हांड्यात. आता अरिना ठेवतो. त्यात हरलं तरी लगेच पुढचा डाव मिळतो, वेळ संपेपर्यंत खेळत राहायचं.

पण अरिना तसाच उचलून लावला तर पुन्हा पट्टीच्या पोरांचंच फावतं. सलग दोन डाव जिंकले की पुढच्या विजयाचे गुण दुप्पट होतात, आणि बर्सर्क दाबून आपला निम्मा वेळ सोडला तर जिंकल्यावर जादा गुण. स्पर्धा तयार करताना या दोन्ही सोयी बंद करता येतात, मी करते. घड्याळही तीन मिनिटांचं ठेवत नाही, दहा मिनिटं अधिक दर चालीला पाच सेकंद. डोंगरात रेंज जाते-येते आणि घड्याळ थांबत नाही. तीन मिनिटांत तो नेटवर्कचाच सामना होतो.

उधना पॅसेंजर, मूळ अमळनेर
सुरतेत रूमवर नवीन होतो, सगळे हिंदी-गुजराथीत कॉल देत. डोक्यात शिरेपर्यंत गोळी शिरलेली. एका रात्री कुणीतरी माइकवर चक्क आपल्या अहिराणीत बोलला, ‘आठे ये ना भो, मन्हा मांगे ये.’ दचकलोच. तो निघाला पारोळ्याचा. तेव्हापासून आजतागायत त्याच्याच मागे आहे, मधून मधून पुढेही.

आई, चाळीसगाव
तुमच्या रूममध्ये माझा पंधरा वर्षांचा मुलगा येतो. गेममध्ये अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, तो माझ्या फोनवरून खेळून ती चुकवतो. इव्हेंट रात्री नऊला ठेवला तर संपतो कधी, हे कुणी लिहीत नाही. आणि मागे एका ठिकाणी पन्नास रुपये एन्ट्री घेतली होती, त्याचं काय झालं ते आजवर कळलं नाही.

भरीतवाला, पाचोरा
ताई, पटलं. संपायची वेळ लिहिणार, आणि अठराच्या आतल्यांसाठी रविवारी सकाळची वेगळी रूम लावू. एन्ट्रीचं म्हणाल तर २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, तेव्हापासून आम्ही कुणाकडून रुपया घेत नाही. जिंकणाऱ्याला भरीत आणि कळण्याची भाकरी. हरणाऱ्यालाही तेच, फक्त वांगी त्याने भाजायची.

स्नायपर, चोपडा
सगळं वाचलं. आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. नव्यांचे इतके लाड केले की जुने जातात. माझ्या स्क्वाडमध्ये दर वेळी एक नवा घातला तर मी कधी खेळायचं? पहिला टीडीएम आणि एक एरँगल नव्यांसोबत, कबूल. त्यानंतरची रूम मात्र खऱ्या खेळाची, पोचिंकी उघडी, कुणाला दयामाया नाही. नव्याला तिथे यायचं असेल तर यावं, मरावं. मी तसाच शिकलो.

शेवभाजी, धुळे
स्नायपर भाऊ, मान्य. फक्त ती रूम कुठली हे आधी लिहा, म्हणजे नवं माणूस चुकून तिथे शिरणार नाही.

भरीतवाला, पाचोरा
ठरलं. शनिवारी रात्री नऊ ते साडेदहा नव्यांसोबत, पुढे स्नायपरची रूम. फोन घ्यायची पहिली पाळी कुणाची? यावलकर, तुम्हाला सवय आहे.

केळीचा घड, यावल
शनिवारी घड कापणी आहे, गाडी रात्री भरते. स्नायपरला द्या.