दोन कप मैदा म्हणजे किती ग्रॅम?

सेलूची_लेक: भाचीच्या वाढदिवसाला बिनअंड्याचा केक करायलेय. जाऊबाईंच्या बहिणीनं अमेरिकेतून कृती पाठवली: २ कप मैदा, १ कप साखर, अर्धा कप बटर, १ कप बटरमिल्क, १ टीस्पून सोडा. मापाचे कप घरात नाहीत. मसाल्यासाठी घेतलेला डिजिटल काटा आहे. कपभर मैद्याला कुठं १२० ग्रॅम लिहिलंय, कुठं १५०. काय धरू? चहाचा कप चालेल का?

लातूरची_भट्टी: ताई, दोन्ही आकडे खरे आहेत, घोळ तिथंच आहे. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलीचा. मैदा चमच्यानं अलगद भरून वरून सुरी फिरवली, तर १२०-१२५ ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला, की १४०-१५०. म्हणजे दोन कपांमागं चाळीस-पन्नास ग्रॅम जास्तीचा, अन् केक कोरडा ठक्क. तुम्ही २४० ग्रॅम घ्या. केकचं मिश्रण घट्ट वाटलं तर चमचाभर दूध वाढवता येतं, पडलेला मैदा काढता येत नाही.

साखर २००. आपली जाड दाण्याची असते, तोलून मग मिक्सरला फिरवा. फिरवून कपानं मोजू नका, पिठीसाखरेचा कप १२०च्याच आसपास भरतो. बटर ११३: शंभर ग्रॅमचं पाकीट अख्खं, वर टेबलस्पूनभर. खारं बटर असेल तर वेगळं मीठ घालू नका. बटरमिल्क म्हणून जेवणातलं पातळ ताक नको. दही घुसळून जरा सैल करा, २४५ ग्रॅम तोला.

सोडा मात्र काट्यावर नको. घरगुती काटा भांड्याखाली चिमटीची दखलच घेत नाही. टीस्पून म्हणजे ५ मिली. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर ५ मिलीची रेघ असते, ते धुऊन, पुसून, कोरडं करून वापरा.

चहाचा कप कुणाचा शंभर मिलीचा, कुणाचा दीडशेचा. सगळं एकाच कपानं घेतलं तर प्रमाण जुळतं, पण सोडा चमच्याचा असल्यामुळं तो दुप्पट पडतो. मग वास येतो सोड्याचा.

कळमनुरीकर: कप एकच, मग मैदा १२० अन् साखर २०० कशी काय?

लातूरची_भट्टी: दादा, ज्वारीची पायली अन् करडईची पायली सारख्या वजनाची भरते का? तसंच. तेलाची लिटरची पिशवी घरात असेल तर बघा, ९१० ग्रॅम छापलेलं असतं. म्हणजे कपभर तेल २१८च्या आसपास. (अन् घाण्याचं करडईचं तेल केकात घालू नका, वास मारतो.)

औसा_किचन: कृती ऑस्ट्रेलियाची असली तर हिशोब बदलतो हं. तिथं कप २५० मिलीचा अन् टेबलस्पून २० मिलीचा, आपण १५ धरतो.

सेलूची_लेक: आता काट्यावरच करते. पण माझं भांडं सहा इंची आहे, बसंल का एवढं?

लातूरची_भट्टी: नाही, उतू जाईल. हे माप आठ इंचीचं. सहा इंचीला सगळं निम्मं घ्या: मैदा १२०, साखर १००, बटर ५६, घुसळलेलं दही १२२ ग्रॅम, सोडा अर्धा टीस्पून. सोडा अन् दही एकत्र आलं की भांडं लगेच ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन आधीच तापवून ठेवा.