समुद्र दूर असला तरी
समुद्र दूर असल्याने सागरी प्रदूषणाचा नागपूरशी संबंध नाही, असे एक मत मांडले गेले आहे; ते मला मान्य नाही. नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने अखेर बंगालच्या उपसागरालाच मिळते. सागरी प्रदूषणाच्या चर्चेत सुटलेला एक मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. कापडउद्योगात आणि औद्योगिक स्वच्छतेच्या द्रावणांत वापरल्या जाणाऱ्या नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट या साबणासारखे काम करणाऱ्या रसायनांचे सांडपाणी प्रक्रियेत अर्धवट विघटन होऊन नोनिलफेनॉल तयार होते, जे मूळ रसायनापेक्षा अधिक विषारी व चिवट असून गाळात साठून राहते आणि माशांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकासारखा परिणाम करते. म्हणून केवळ प्रक्रिया केंद्र उभारून भागणार नाही, ही रसायने वापरातूनच जायला हवीत; युरोपीय संघाने तर २००३ मध्येच त्यांच्यावर कठोर निर्बंध घातले.