नर्मदा परिक्रमेनं माणसाची श्रद्धा खरंच बदलते का? वडिलांना पाठवायचं की नाही ते ठरवायचंय

धानपट्टी (पवनी तालुका, भंडारा)

बाबा ६१ वर्षांचे. बीपीची गोळी सकाळी एक, साखरेची दोन वेळा. भारी (उशिरा पिकणारा) धान नोव्हेंबरच्या शेवटी निघतो. चुरणं आटोपलं की एकटेच पायी नर्मदा परिक्रमेला निघणार म्हणतात. आई घाबरली आहे. भावाचं म्हणणं वेगळंच: एक तर बुवा होऊन येतील, नाही तर गेले तसेच परत येतील.

चमत्कार नकोत, ते मोबाइलवर रोज येतात. तिथे नेमकं काय घडतं की माणसाची देवाकडे आणि जगाकडे बघायची नजर बदलते? आणि तयारी काय करायची? आईचा एक प्रश्न आहे, तोही विचारते. दारात वैनगंगा असताना तिकडे कशाला?

---

सातपुडा पायी

ताई, आधी तारखेचं बोलू, कारण बरेच जण तिथेच फसतात. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतो आणि कार्तिकी एकादशीनंतर चालायला लागतो. नदी १३१२ किमी लांब. दोन्ही तट मिळून हिशेब २६०० किमीचा, पण वळसे धरून पायांखालून ३००० च्या पुढे जातं. रोज २० ते २५ किमी चाललं तरी १३० ते १५० दिवस. (परंपरेची मुदत ३ वर्षं ३ महिने १३ दिवस, ती पाळणारे आता थोडे.) नोव्हेंबरच्या मध्यावर ओंकारेश्वरहून निघालेला माणूस एप्रिलमध्ये परत पोहोचतो. धान चुरून डिसेंबरच्या मध्याला निघाला तर शेवटचा महिना मे. त्या उन्हात श्रद्धा वगैरे काही उरत नाही, फक्त सावली दिसते. बाबांना धान दुसऱ्याच्या भरवशावर टाकता येत नसेल तर खंड परिक्रमा करू द्या. म्हणजे जिथे थांबले, पुढच्या वर्षी तिथूनच पुन्हा सुरू.

भंडाऱ्याहून जबलपूर जवळ पडतं म्हणून ग्वारीघाटावरून संकल्प करावासा वाटेल. तो कुठल्याही घाटावरून चालतो. पण नदी उजव्या हाताला ठेवायची, म्हणून ग्वारीघाटावरून म्हणजे उत्तर तटावरून वर उगमाकडे, अमरकंटककडेच जावं लागतं. ऐन थंडीत मंडला, डिंडोरी, अमरकंटक आणि ऐन उन्हाळ्यात निमाड, असा उलटा क्रम होतो. ओंकारेश्वरहून निघालं तर समुद्र डिसेंबरात, अमरकंटक फेब्रुवारीअखेर. ते सुसह्य.

आता तुमचा मूळ प्रश्न. नजर बदलते ती नियमांमुळे, आणि नियम तसे चारच आहेत.

एक, नदी ओलांडायची नाही. नदी एका ठिकाणी फुटून पुढे पुन्हा मिळत असेल तर ती धारही ओलांडायची नाही. म्हणून ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प करून, ममलेश्वराचं दर्शन घेऊन निघायचं. समोर बेटावर ज्योतिर्लिंग दिसत असतं, तरी पलीकडे जायचं ते परिक्रमा पूर्ण झाल्यावर, सोबत नेलेल्या बाटलीतलं नर्मदेचं जल वाहायला. देव दोनशे पावलांवर असताना पाठ फिरवून निघणं हा पहिल्याच दिवसाचा धडा. नियम मोडतो तो नकळत. कुणी प्रेमानं गाडीत बसवतं, गाडी पुलावर चढते, परिक्रमा खंडित. उपनद्या ओलांडायला हरकत नाही. उत्तर तटावर सरदार सरोवराचा ४५८ किमीचा मुख्य कालवा आडवा येतो, पाणी नर्मदेचंच आहे. कडक माणसं तिथे अडखळतात आणि शेवटी सगळेच ओलांडतात. नियमाचा जीव कशात आहे हे त्या कालव्यावर उभं राहिल्यावर कळतं.

दोन, भिक्षा मागून खायचं. आश्रमात जेवण नसेल तर सदाव्रत मिळतं, म्हणजे कणीक, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची. शिजवायचं आपण. आणि कुठे दोन्ही नसेल तर 'नर्मदे हर' म्हणून कुणाच्या ओट्यापुढे उभं राहायचं. ज्याच्या घरी धानाची कोठी भरलेली आहे त्याला हे सगळ्यात जड जातं. पहिले आठ-दहा दिवस असा माणूस खिशातले पैसे देऊन हॉटेलात खातो आणि मनाशी म्हणतो, आपल्याला गरज नाही. पैसे असलेला परिक्रमावासी म्हणून उशिरा बदलतो. बाबांजवळ समुद्राजवळच्या होडीपुरते आणि अडचणीपुरते ठेवा, त्याहून जास्त नको.

तीन, साठवायचं नाही. उद्याची एक वेळ पुरेल एवढंच. कास्तकाराची सगळी अक्कल साठवण्यात असते, बियाणं, कडबा, पैसा, त्यामुळे ही सवय सुटायला महिना जातो. सुटली की माणूस जरा सैल होतो, झोप लागते.

चौथा नियम कुठे लिहिलेला नाही. पुरुष 'बाबाजी', बाई 'माताराम'. नाव, आडनाव, जात, वावर किती, कुणी विचारत नाही. ज्याला गावात 'पाटील' ऐकायची सवय आहे त्याला आठवडाभर चुकल्यासारखं वाटतं.

आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. नदी दिसतच नाही असे कित्येक दिवस येतात. बरगी, इंदिरा सागर, सरदार सरोवर या धरणांच्या फुगवट्यानं जुनी वाट पाण्याखाली गेली, त्यामुळे आतल्या डांबरी रस्त्यानं चालावं लागतं. हरसूद गाव २००४ मध्ये इंदिरा सागरात बुडालं, तो हाच भाग. जिच्यासाठी निघालो तीच दिसत नाही, फक्त ती उजवीकडे कुठेतरी आहे एवढं माहीत. कंटाळून घरी परतणारे बहुतेक अशाच पट्ट्यातून परततात. जे टिकतात त्यांच्या बोलण्यातून पुढे 'दर्शन' हा शब्द कमी होतो.

---

मोरशीवाला

सातपुडा भाऊनं बराबर सांगतलं. मी फक्त आपल्याकडच्या माणसाच्या हिशेबानं सांगतो.

आपल्याले वारी माहीत हाये. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमायची पालखी जाते, दिंडी असते, मांगं सामानाचा ट्रक असते, थकलं तं कोनी ना कोनी हात धरते. परिक्रमेत तसं काई नाई. न् वारीले पंढरपूर हाये, तिथं पोचलं का झालं. इथं तीन हजार किलोमीटर चालून माणूस निंगाला तिथंच येते. हे डोक्यात बसाले लय दिवस लागते बाप्पा. पह्यला महिना माणूस रोज किलोमीटर मोजते. मंग मोजनं सुटते.

आता फुकट खान्याचं. आपल्या कास्तकाराले ते अंगी लागत नाई. त्याले उपाय जुना हाये. गाडगेबाबा आपल्याच शेंडगावचे. ते गावात गेले का पह्यले झाडू हाती घेत, गाव झाडत, मंग भाकर. आश्रमात पोचल्यावर बाबाले सांगा, झाडू घ्या, नाईतं भांडे घासा, नाईतं भाजी चिरा. ज्यानं हे केलं त्याले मागन्याची लाज वाटत नाई, न् माजही येत नाई. 'मी परिक्रमावासी, मले पह्यले वाढा' म्हननारे बी तिथं भेटतेत, त्याईचं काईच बदलत नाई.

सामान: पाठीवर ६ किलो, लयच झालं तं ७. दोन जोड कपडे, एक पातळ कांबळ, खाली टाकाले चटई, ताट-लोटा, टॉर्च, सुतळी, काठी, मैयाच्या (नर्मदेच्या) पान्याची लहान बाटली, आधार कार्ड न् त्याच्या दोन झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. परिक्रमावासीचं प्रमाणपत्र संकल्पाच्या वेळीच करून घ्या, जागोजागी त्याच्यावरच शिक्के मारतेत न् अनोळखी गावात तेच कामी येते. जोडे एक नंबर मोठे, कारन पाय सुजते, न् घरीच महिनाभर वापरून नरम केलेले. नवे जोडे घालून निंगालेला मानूस चौथ्या दिवशी लंगडते. फोड आला तं कातडं सोलू नोका. बाबाले साखर हाये, म्हनून सोता टोचूही नोका, साफ ठेवा, वरतं पट्टी, न् डॉक्टरले दाखवा.

---

गोळ्यांचा डबा

बाकी सगळं वाचलं, पण साखरेच्या गोळीचं नाव कुणी विचारलं नाही. आधी ते बघा.

नुसती मेटफॉर्मिन असेल तर काळजी कमी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर जपा. रोज २० किमी चालल्यानं साखर आपोआप उतरते, वर सकाळी नुसता चहा आणि जेवण कधी बाराला, कधी तीनला. गोळी तेवढीच, खाणं उशिरा. मग घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो. तीन चमचे साखर किंवा गुळाचा खडा तोंडात, १५ मिनिटं बसायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच, आणि त्यानंतर पोटभर काहीतरी. निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना 'रोज पाच-सहा तास चालणार' असं स्पष्ट सांगून डोस ठरवून घ्या. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर मार्चनंतर पाणी कमी पडून चक्कर येते, तेही विचारा. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या फटी हातानं चाचपून बघायच्या. साखरेच्या माणसाला फोड दुखतोच असं नाही, म्हणून तो चालत राहतो आणि फोड पिकतो.

हे श्रद्धेच्या धाग्यात का लिहिलं? दुपारी दोन वाजता रिकाम्या पोटी दिसलेल्या पांढऱ्या साडीतल्या बाईला माणूस आयुष्यभर मैया म्हणतो. असेल बापडी मैया. पण आधी गूळ खावा.

---

प्रश्नचिन्ह

श्रद्धा वाढतेच असं धरून सगळे बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू.

तिथे वाळूचे ट्रॅक्टर नदीच्या पात्रात उभे दिसतात. शहरांचे नाले घाटाशेजारीच पडतात आणि तिथूनच लोक बाटलीत जल भरतात. काही आश्रमांत गाडीनं आलेल्यांना खोली आणि पायी आलेल्यांना व्हरांडा. घरी मूर्तीपुढे बसून जमवलेली श्रद्धा हे बघून तडकते, आणि तडकली तर त्यात वाईट काही नाही. बाबा कदाचित कमी देवभोळे होऊन येतील. ती शक्यता भावानं धरलेलीच नाही.

शूलपाणीची झाडी हे दुसरं ठिकाण. बडवानीच्या पुढे नंदुरबारच्या डोंगरांतून गुजरातकडे जाणारा पट्टा. पूर्वी तिथे परिक्रमावासीयांना लुटत, अंगावर लंगोटी तेवढी ठेवत. लुटणाऱ्या भिल्लांना 'मामा' म्हणायची रीत. आज त्याच डोंगरातली माणसं, ज्यांची गावं धरणात गेली, कोरा चहा आणि मक्याची भाकर देतात. त्यांच्याकडे दोन वेळचं असेलच असं नाही. मंदिरात न हललेला माणूस तिथे हलतो. पण त्यामागचा हिशेबही बघावा, जमीन कुणाची गेली आणि पाणी कुणाला मिळालं. नुसतं 'मैयाची कृपा' म्हणून तो चहा प्यायला तर नजर बदलली असं मी म्हणणार नाही.

परतल्यावरचा धोका खरा. गावातली माणसं पाया पडायला येतात. महिनाभर रोज कुणी पाया पडलं की पाच महिन्यांत सुटलेलं सगळं परत अंगाला चिकटतं. घरच्यांनी आल्या आल्या वावरात कामाला लावावं.

---

धानपट्टी

सगळ्यांचे आभार. गोळी बघितली, ग्लिमेपिराइडच आहे. डॉक्टरांकडे नेते. समुद्रातल्या होडीबद्दल आई रोज विचारते. आणि वैनगंगेचं राहिलं.

---

सातपुडा पायी

होडी दक्षिण तटावरच्या विमलेश्वर-कठपोर भागातून सुटते आणि उत्तर तटावर मिठी तलाईला लागते. नदी समुद्राला मिळालेली असते म्हणून तिथे ओलांडणं चालतं. वेळ भरतीवर ठरते. कधी पहाटे, कधी दुपारी, कधी दोन दिवस मुक्काम. प्रवास काही तासांचा, वर छप्पर नाही. निघायच्या आधी कमी खावं, डोकं बांधावं, गर्दीची होडी सोडून पुढची घ्यावी. घाई करणारेच गर्दीत चढतात. आणखी एक, शूलपाणीत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. दोन-तीन दिवस फोन आला नाही तर आईनं घाबरू नये, हे आत्ताच सांगून ठेवा.

वैनगंगेचं म्हणाल तर आईंचा प्रश्न वावगा नाही. तीही सातपुड्यातलीच, शिवनी जिल्ह्यातून निघते. डोंगराचं पाणी एका उतारानं नर्मदेला, दुसऱ्या उतारानं तिला. मार्कंड्याला ती उत्तरवाहिनी आहे, आंभोऱ्याला संगम आहे, श्रद्धेला जागा कमी नाही. कमी आहे ती सदाव्रताची रीत. काठावरच्या गावांना वाटसरूला जेवू घालायची सवय आहे, पण रोज येणाऱ्या वाटसरूची नाही. गोसेखुर्दच्या फुगवट्यानं पवनीच्या वरच्या अंगाला काठची वाटही सलग राहिलेली नाही. म्हणून खाली, मार्कंड्याच्या दिशेनं जावं.

तेवढी परीक्षा घेऊन बघा. डोस बदलून झाला की पाठीवर ६ किलो, रोज २० किमी, सलग तीन दिवस. खिशात गूळ, पण घरून डबा नाही, नातेवाइकांच्या गावात मुक्काम नाही, जेवण अनोळखी दारात मागून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी पाठव म्हणून फोन येतो का, ते बघा.