टीआरएनएला विसरू नका

तुम्ही लिहिलंय की आरएनएवरचे रासायनिक बदल आणि चयापचयाचे आजार यांचा दुवा म्हणजे एम६ए (आरएनएवरची एक मिथाइल खूण) आणि ती खूण पुसणाऱ्या एन्झाइमचं जनुक, एफटीओ. मला इथे टीआरएनएचा, म्हणजे प्रथिन बनताना अमिनो आम्लं वाहून आणणाऱ्या आरएनएचा, मुद्दा जोडावासा वाटतो, कारण कार्यकारणभाव तिथेच सगळ्यात लख्ख दिसतो.

सीडीकेएएल१ या जनुकातले काही फरक टाइप २ मधुमेहाचा धोका वाढवतात, हे २००७ मध्ये समजलं. त्याचं एन्झाइम लायसिन हे अमिनो आम्ल वाहणाऱ्या टीआरएनएच्या ३७व्या जागी, म्हणजे अँटिकोडॉनच्या (संदेशातला तीन अक्षरी कोडॉन ओळखणाऱ्या भागाच्या) अगदी शेजारी, गंधक असलेला मिथाइलथायो गट चिकटवतं. उंदरांच्या स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींतून हे जनुक काढलं तर लायसिनचा कोडॉन चुकीचा वाचला जातो. प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचं कच्चं रूप) जिथे कापलं जातं तिथे नेमकं लायसिन असतं! मग कापणी बिघडते आणि ग्लुकोज वाढूनही इन्सुलिन पुरेसं स्रवत नाही. एवढासा गट, पण त्याच्यावाचून सगळं अडतं.

एफटीओबद्दल मात्र जपून बोलायला हवं. लठ्ठपणाशी जोडलेले त्यातले फरक इंट्रॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिनात न उतरणाऱ्या भागात) आहेत आणि त्यांचा परिणाम बराचसा आयआरएक्स३सारख्या शेजारच्या जनुकांमार्फत होतो. त्यामुळे तो धोका सरळ एम६एच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही.